कारणाचा रकाना

१

ब्रिटिश अमदानीत वेड्यांच्या इस्पितळात माणूस दाखल झाला, की त्याच्यासोबत एक तक्ता येई. नाव, वय, जात, धंदा आणि त्यातच एक रकाना: वेडाचे कारण. हा रकाना बहुतेक वेळा पोलिसाने भरलेला असे. भटकत सापडलेल्या माणसाचे गाव कोणते, घरी कोण, हेच जिथे ठाऊक नसे तिथे वेडाचे मूळ कुणाला ठाऊक असणार? पण सरकारी रकाना मोकळा ठेवून चालत नाही. माणूस गांजा ओढत होता एवढे कुणी बोलले, की तिथे 'गांजा' हा शब्द पडे. पुढे इस्पितळाचा अधिकारी तोच शब्द आपल्या वहीत उतरवून घेई, वर्षाच्या अहवालात त्याची बेरीज होई, आणि गांजाने इतकी माणसे वेडी झाली असा आकडा तयार होई.

ही गोष्ट उघड केली ती १८९३-९४ च्या 'हेम्प ड्रग्ज कमिशन'ने. विलायतेच्या पार्लमेंटात गांजाबद्दल प्रश्न विचारला गेला, म्हणून हिंदुस्थान सरकारने हे कमिशन नेमले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष. सात सदस्यांपैकी तिघे हिंदी. कमिशनने १,१९३ साक्षी नोंदवल्या. बुलढाणा हा तेव्हा वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांपैकी एक, आणि वऱ्हाडच्या साक्षी मुंबई-सिंधच्या साक्षींसोबत अहवालाच्या सातव्या खंडात छापलेल्या आहेत. साक्षी घेऊन कमिशन थांबले नाही. १८९२ या एका वर्षात देशभरच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा-भांग-चरस हे कारण लिहिलेले होते. कमिशनने त्यांची एकेक करून फेरतपासणी केली. २२२ चे ९८ उरले. त्या ९८ पैकीही ३७ जणांच्या बाबतीत गांजासोबत दुसरेही कारण होते. निव्वळ गांजा म्हणता येईल असे उरले ६१.

कमिशनचा निष्कर्ष असा, की माफक सेवनाचा फारसा अपाय दिसत नाही, अतिसेवनाचा दिसतो. सरसकट बंदी नको, कर आणि नियंत्रण हवे. बंदी घातली तर लोक दारूकडे किंवा अधिक घातक पदार्थांकडे वळतील, ही धास्तीही त्यात होती. अबकारी उत्पन्नावर डोळा असलेल्या सरकारला हा निष्कर्ष सोयीचा होता, हे विसरता कामा नये. दोघा हिंदी सदस्यांनी आपली भिन्न मतपत्रिका जोडली, हेही ध्यानात ठेवावे. पण रकान्याची तपासणी ही या अहवालातली टिकाऊ गोष्ट आहे. त्यातही मला महत्त्वाचे वाटतात ते ३७ जण. एका रकान्यात एक शब्द मावतो. त्यांच्या आयुष्यात एकाहून अधिक गोष्टी होत्या.

गांजा आणि इतर व्यसने यांच्यातल्या आनुवंशिक नात्यावर गेल्या २५-३० वर्षांत जे संशोधन झाले, ते या ३७ जणांकडे परत येते. आपण मात्र ते संशोधनही जुन्या पोलिसासारखेच वाचतो. 'गांजा' खोडतो आणि तिथे 'जनुक' लिहितो. या वाचनाची चिकित्सा करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

बुलढाणा जिल्ह्यात चिलमीबद्दल लिहायचे तर शेगाव टाळून पुढे जाता येत नाही. श्री गजानन महाराज १८७८ साली शेगावी प्रकट झाले, १९१० साली समाधिस्थ झाले. त्यांच्या चिलमीची गोष्ट दासगणू महाराजांच्या २१ अध्यायांच्या 'श्री गजानन विजय' ग्रंथात आहे, आणि तो ग्रंथ या जिल्ह्यात घरोघर पारायणाला बसतो. तिसऱ्या अध्यायात काशीचा एक गोसावी येतो. त्याने महाराजांना गांजा अर्पण करण्याचा नवस केलेला असतो. पण एवढ्या भक्तांसमोर ती झोळी बाहेर काढायची त्याला लाज वाटते. महाराज स्वतःच त्याला पुढे बोलावून घेतात आणि त्याचा नवस पुरा करतात. चौथ्या अध्यायात जानकीराम सोनार चिलमीला विस्तव नाकारतो, तरी चिलीम पेटते.

श्रद्धेने वाचणाऱ्याला यात लीला दिसते, आणि त्यात दुसऱ्या कुणी लुडबूड करण्याचे कारण नाही. साहित्याचा वाचक म्हणून मला दासगणूंची सावधगिरी दिसते. ते कीर्तनकार होण्यापूर्वी पोलीस खात्यात नोकरीला होते. गांजाची गोष्ट सांगितली की ऐकणारा काय अर्थ काढील, हे त्यांना कळत असणारच. म्हणून ते गोष्ट दडपत नाहीत, पण महाराज त्यात गुंतलेले नव्हते हेही बजावून सांगतात. भक्ताच्या समाधानासाठी स्वीकार एकीकडे, आसक्ती दुसरीकडे. ओढणे आणि ओढले जाणे यांत ग्रंथ फरक करतो.

हा फरक गावात पोहोचताना निम्मा गळून पडतो. चिलमीचा दाखला देऊन 'महाराजही ओढत' असे म्हणणारा पोरगा अलिप्ततेचे वाक्य सोयीने विसरतो. उलट, पोराच्या खिशात पुडी सापडली की पहिल्याच दिवशी त्याला 'गंजेडी' ठरवणारे घरही तोच फरक विसरते. दोघेही सेवन आणि व्यसन एकच धरतात. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचे आकडे इथे बोलके आहेत. देशात भांग, गांजा, चरस यांपैकी काही घेणारे सुमारे ३.१ कोटी, त्यांपैकी त्या सेवनापायी मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख. दारू पिणारे सुमारे १६ कोटी. मदतीची गरज असलेले सुमारे ५.७ कोटी. म्हणजे गांजा-भांगेत साधारण चारांतला एक अडकतो, दारूत तिघांत एकाहून अधिक. दोन्हीकडे प्रश्न तोच उरतो: सगळेच का अडकत नाहीत? आणि जो एका पदार्थात अडकतो तोच दुसऱ्यातही का सापडतो?

३

या प्रश्नाला पहिले भरवशाचे उत्तर जुळ्यांकडून मिळाले. एकबीज जुळ्यांची जनुके सारखी असतात. द्विबीज जुळ्यांची सख्ख्या भावंडांइतकी, सरासरीने निम्मी जुळतात. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढलेली असतात. मग एखादी गोष्ट एकबीज जोड्यांत अधिक जुळत असेल, तर तिच्यात जनुकांचा वाटा आहे असे धरता येते. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळात लष्करात असलेल्या जुळ्या भावांची नोंदवही आहे. १९९८ साली मिंग त्सुआंग आणि सहकाऱ्यांनी तिच्यातल्या ३,३७२ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गांजा, उत्तेजके, गुंगीची औषधे, हेरॉइन असे निरनिराळे पदार्थ त्यांनी तपासले. या सगळ्यांखाली एक सामाईक कल आढळला. हेरॉइनच्या बाबतीत त्याचा स्वतःचा वेगळा भागही मोठा होता. व्हर्जिनियातल्या जुळ्यांवर केनेथ केंडलर यांनी केलेले काम याच दिशेने गेले. जनुके माणसाला एका ठरावीक पदार्थाकडे ढकलतात असे दिसत नाही. व्यसनाकडे झुकण्याचा एक ढोबळ कल देतात. कोणता पदार्थ हाती येईल, हे बरेचसे गाव, सोबत आणि बाजार ठरवतात.

रक्तातल्या घटकांचे थेट वाचन पुढे आले. २०१८ साली जोएल पासमन आणि सहकाऱ्यांनी १,८४,७६५ लोकांची जनुकीय माहिती तपासली. आयुष्यात कधीतरी गांजा घेतला का, एवढाच प्रश्न होता. सर्वांत ठळक दुवा सापडला तो 'सीएडीएम २' या जनुकाशी. हे जनुक मेंदूतल्या पेशींच्या परस्पर जोडणीत काम करते, आणि जोखीम पत्करण्याच्या वृत्तीशी, दारूच्या सेवनाशीही त्याचा संबंध इतर अभ्यासांत आढळला आहे. म्हणजे 'गांजाचे जनुक' शोधायला निघालेल्यांच्या हाती धाडसाचे जनुक लागले, असे ढोबळपणे म्हणता येईल. तेही एकटे पुरेसे नाही. तपासलेल्या सगळ्या सामान्य जनुकीय फरकांची बेरीज करूनही सेवनातल्या तफावतीचा ११ टक्के भागच उलगडला.

२०२० साली एमा जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी प्रश्न बदलला. गांजा घेतला का, हे न विचारता गांजाचे व्यसन जडलेल्या २०,९१६ जणांची तुलना त्यांनी साडेतीन लाखांहून अधिक इतरांशी केली. सेवनाचा आनुवंशिक कल आणि व्यसनाचा आनुवंशिक कल यांचे नाते निम्म्यावरच थांबते, असे त्यांना आढळले. दोघांच्या वाटा काही बाबतींत विरुद्धही जातात: अधिक शिक्षणाशी जोडलेली जनुके सेवनाच्या बाजूला झुकतात, व्यसनाच्या उलट. दासगणूंनी भक्तिभावाने जो फरक केला, तो इथे अगदी वेगळ्या भाषेत पुन्हा भेटतो. एकाने दुसऱ्याला सिद्ध केले असे मी म्हणत नाही. ग्रंथाचा विषय अलिप्तता आहे, प्रयोगशाळेचा विषय धोका. पण घेणे आणि गुंतणे ही दोन प्रकरणे आहेत, हे दोघेही सांगतात आणि आपण दोघांचेही ऐकत नाही.

याच अभ्यासात व्यसनाशी जोडलेला एक दुवा 'सीएचआरएनए २' या जनुकाजवळ होता. आदल्या वर्षी डॅनिश संशोधकांनाही तिथेच खूण सापडली होती. हे जनुक मेंदूतल्या ज्या ग्राहकाचा भाग घडवते, त्या कुळातल्या ग्राहकांवर तंबाखूतले निकोटिन जाऊन बसते. आपल्याकडे चिलीम भरणाऱ्याला याचे नवल वाटू नये. गांजा तळहातावर मळताना त्यात तंबाखू मिसळतात, ओली साफी लावून एकाच झुरक्यात दोन्ही ओढतात. दोन व्यसनांतली भिंत चिलमीत मुळातच नसते.

२०२३ साली अलेक्झांडर हाटूम आणि सहकाऱ्यांनी दारू, तंबाखू, गांजा आणि अफूजन्य पदार्थ या चारही व्यसनांची माहिती एकत्र केली. दहा लाखांहून अधिक लोकांची. चौघांत सामाईक अशा १९ जागा सापडल्या, आणि त्यांतल्या ठळक खुणा मेंदूतल्या डोपामिनच्या नियमनाशी निगडित आहेत. सुख मिळाले की 'पुन्हा' म्हणणारी यंत्रणा ती हीच. देशी दारूचा ग्लास, पानटपरीवरचा खर्रा आणि गांजाची पुडी या तिन्ही गोष्टी आपण वेगवेगळ्या वह्यांत मांडतो. जनुकांच्या हिशेबात त्यांचे एक खाते सामाईक आहे.

४

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे तर आजी सांगायची: आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? 'खाण तशी माती' म्हणणाऱ्यांनाही आपल्या बाजूने विज्ञान उभे राहिले असे वाटेल. सोयरीक जुळवताना 'त्यांच्या घरात दारू आहे' एवढ्यावर मुलगा नाकारणाऱ्यांना तर हातात दाखलाच मिळेल. चूक नेमकी इथे होते.

२०१० साली करिन फरवेय आणि सहकाऱ्यांनी जुळ्यांच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. गांजाच्या त्रासदायक सेवनातला आनुवंशिकतेचा वाटा पुरुषांत ५१ टक्के, स्त्रियांत ५९ टक्के निघाला. याचा अर्थ एखाद्या माणसाचे व्यसन निम्मे बापाकडून आले, असा होत नाही. हा आकडा माणसांमाणसांतल्या फरकाबद्दल आहे, एका माणसाबद्दल नाही. शेतकऱ्याला हे लवकर कळेल. सरमिसळ बियाणे एकाच काळ्या, सारख्या पाण्याच्या वावरात पेरले, तर झाडांच्या उंचीतला बहुतेक फरक बियाण्याचा असेल. तेच बियाणे अर्धे काळीत आणि अर्धे बरड जमिनीत पेरले, तर बियाण्याचा वाटा टक्केवारीत घसरेल. बियाणे तेच, आकडा जमिनीने बदलला. आनुवंशिकतेचा टक्का हा नेहमी कुठल्यातरी वावरातला टक्का असतो.

आणि ही वावरे आपली नाहीत. २०२३ साली डॅनियल लीवी आणि सहकाऱ्यांनी गांजाच्या व्यसनावरचा आजवरचा मोठा अभ्यास छापला: १०,५४,३६५ माणसे. त्यांतली ८,८६,०२५ युरोपीय वंशाची. बाकीचे आफ्रिकी, मिश्र अमेरिकी आणि पूर्व आशियाई. दक्षिण आशिया हा गटच त्यात नाही. तेव्हा लाळेच्या चाचणीवरून व्यसनाचा धोका सांगू म्हणणारा कुणी उद्या मेहकर-चिखलीच्या पोराला गुण देऊ लागला, तर तो दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरून याचे शेत मोजत असेल.

आपल्याकडचे जे थोडे काम आहे ते वेगळी गोष्ट शिकवते. बंगळूरच्या निम्हान्समध्ये विवेक बेनेगल आणि सहकाऱ्यांनी दारूच्या व्यसनात असलेल्या बापांची मुले तपासली; स्वतः दारूला अजून न शिवलेली. त्यांच्या मेंदूच्या प्रतिसादांत आणि रचनेत काही फरक आधीपासून होते, आणि त्यांचा संबंध अस्थिरपणाशी, उतावळेपणाशी दिसला. वारशाने दारूची तहान आली असे नव्हे. आवरण्याची ताकद थोडी कमी घेऊन मूल आले. ही बाब वेळीच लक्षात आली तर शाळेत, घरात, मैदानावर तिच्यासाठी काही करता येते. 'रक्तातच आहे' म्हटले की करण्यासारखे काहीच उरत नाही. दोन वाक्यांत अंतर एवढे आहे.

बाजू दुसरीही आहे. २००३ साली मायकेल लिन्स्की आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या ३११ जुळ्या जोड्या निवडल्या. जोडीतल्या एकाने १७ वर्षांचा होण्याआधी गांजा घेतलेला, दुसऱ्याने नाही. घर एक, आईबाप एक, एकबीज जोड्यांत जनुकेही एक. तरी लवकर सुरुवात केलेल्यात इतर पदार्थांच्या सेवनाची आणि व्यसनाची शक्यता २.१ ते ५.२ पट आढळली. म्हणजे सगळे जनुकांवर ढकलता येत नाही. कोवळ्या वयात गांजा घेणे, त्यासोबत येणारी संगत, आणि पुडी विकणाऱ्याकडे दुसरेही काही असणे, यांना आपापले वजन आहे. ज्याला 'गांजा निरुपद्रवी आहे' असे सिद्ध करायचे आहे, त्याने सामाईक जनुकांचा पुरावा सांगताना हा अभ्यास गाळू नये.

५

मराठी साहित्यानेही व्यसनाची वही पदार्थागणिक वेगळी ठेवली. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ने दारूचे कारण शीर्षकातच भरून टाकले. नाटक मात्र शीर्षकाहून शहाणे आहे. सुधाकर पहिला प्याला घेतो तो सनद रद्द झाल्याच्या अपमानानंतर, आणि तळीरामाच्या हातून. अपमान, मानी स्वभाव, संगत आणि दारू अशी चार कारणे तिथे उभी आहेत. आपण पिढ्यान्‌पिढ्या एकच लक्षात ठेवले. अनिल अवचटांच्या 'गर्द'ने ब्राउन शुगरची झळ मध्यमवर्गाच्या दारात आणली. पुण्याचे मुक्तांगण १९८६ साली सुरू झाले तेही त्या लाटेच्या धक्क्याने. पुढे तिथे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले, आणि उपचार एकाच छताखाली चालले. दवाखान्याला जे कामातून समजले, ते आपल्या बोलण्यात अजून उतरलेले नाही.

कायद्याचीही वही वेगळी. देशी दारूचे दुकान परवान्याने चालते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवरचा खर्रा थांबलेला नाही. गांजा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतो. त्यातही भांगेची पाने सुटतात आणि फुलांचे शेंडे गुन्हा ठरतात. नुसते सेवन केले तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याच कायद्यात ६४ अ हे कलम आहे. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. पोराच्या खिशात पुडी सापडलेल्या किती आईबापांना हे कलम कुणी सांगितले असेल?

त्यांना दुसरी वाट ठाऊक असते. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीबाबांच्या यात्रेत नारळांची होळी पेटते, आणि दूरदूरची घरे आपले बिघडलेले माणूस घेऊन तिथे येतात. बाहेरची बाधा म्हणतात, करणी म्हणतात. त्यांना हसणे सोपे आहे. पण 'बाधा', 'गांजा', 'संगत', 'रक्त' हे चारही शब्द एकाच रकान्यात बसतात आणि एकच काम करतात. ते लिहिले की पुढची विचारपूस थांबते. बाधा म्हणणाऱ्या घराला निदान माणूस बरा होईल अशी आशा तरी असते. रक्त म्हणणाऱ्याने तीही सोडलेली असते.

बापाची दारू, काकाचा खर्रा आणि पोराचा गांजा यांना एका दृष्टीने बघावे, एवढी साधी शिकवण या सगळ्या संशोधनात आहे. पोराला बदडणाऱ्या बापाने त्या रात्री स्वतःचा ग्लासही तपासावा. लाजवण्यासाठी नव्हे, तर त्या कलाचा अनुभव घरात त्यालाच सर्वांत जास्त आहे म्हणून. त्याने पोराला खरे सांगितले, की आपल्याला पहिला घोट सोपा आणि थांबणे अवघड जाते, तर ते कुठल्याही जनुकचाचणीपेक्षा उपयोगाचे होईल.

१८९२ सालच्या २२२ तक्त्यांची फेरतपासणी झाली ती कुणीतरी इस्पितळात जाऊन, नातेवाइकांना गाठून पुन्हा विचारले म्हणून. आजही काम तेवढेच आहे. माणूस कधीपासून घेतो, काय काय घेतो, घरात आणखी कोण घेते, झोप लागते का, सोयाबीनचे पैसे आले का, हे विचारून रकान्यात मावेल त्याहून अधिक लिहावे लागेल.